मोकळ्या सात ओळी

१

माझं काम दुसऱ्यांच्या पुस्तकांवर पुस्तकं करण्याचं. सूच्या, कोश, परिचयग्रंथ. "लोकांनी लग्नं लावायची आणि हिने वऱ्हाडी मोजायचे," असं नवरा म्हणतो. म्हणू दे. बावीस वर्षांत माझ्या एकाही नोंदीत चूक निघालेली नाही, आणि दुसऱ्यांच्या चुका मी चारचौघांत काढल्या आहेत, नावानिशी. एका प्राध्यापकाने माझ्या परीक्षणानंतर लिहिणंच सोडलं. मला वाईट वाटलं नव्हतं.

माझा नियम एकच. प्रत्येक नोंद एका कार्डावर, आणि कार्डाच्या तळाशी आधार: कुठला खंड, कुठलं पान, नाहीतर कोणी सांगितलं. आधार नाही तर नोंद नाही.

या वेळचे लेखक अद्भुतकथांचे. एका न झालेल्या राज्याची कहाणी त्यांनी सात जाड खंडांत लिहिली, आठवा अर्धवट ठेवून दोन वर्षांपूर्वी गेले. प्रकाशकांना त्या खंडांचा 'सोबती' हवा होता. कुठली नदी कुठे उगम पावते, कोण कुणाचा मुलगा, लेखकाचं आयुष्य, आणि शेवटी एक मोठा भाग: कुठलं पात्र कुठल्या खऱ्या माणसावरून घेतलं.

"लोक तेच आधी उघडतात," प्रकाशक फोनवर म्हणाले. "पऱ्यांचं कुणाला काय पडलंय हो? परी म्हणजे शेजारीण होती का, एवढं सांगा."

घरी आम्ही तिघं. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. नाव तिचं चांगलं आहे, पण आम्ही तिला खारू म्हणतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दाराला बेल आहे, पण माझ्यासाठी ती कधी वाजली नाही. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आले की वर कडी निघायची. त्या जिन्यावरून दिवसभर शंभर माणसं चढतात-उतरतात, पण पोरीचे कान माझ्या पावलांना बरोबर पकडायचे. एकदा नवरा माझ्या चपला घालून चढून आला, तिला फसवायला. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "बाबा, आईच्या चपला फाटतील."

हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची. आता कुणाला सांगत नाही.

२

लेखकाचं घर दुमजली, नीटनेटकं, जरा जास्तच शांत. त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत, मीही म्हणू लागले. पासष्टीच्या, ताठ, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालच्या खोलीत टेबल दिलं, दिवा दिला, आणि कागदांच्या पेट्या अनुक्रमाने लावून दिल्या. असा यजमान मिळायला नशीब लागतं, असं मला वाटलं.

"वरची खोली?" मी विचारलं.

"वर यांची लिहायची खोली होती. आता कागद सगळे खाली आणलेत. वर तुमच्या कामाचं काही नाही." मग चहा पुढे करत म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मी खारूचं सांगितलं. बेलचं, चपलांचं. बाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. हसल्या मात्र नाहीत. त्या गोष्टीवर न हसलेलं पहिलं माणूस.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लेखकाचे धाकटे भाऊ बसलेले असत. बाई त्यांना भाऊजी म्हणत. डोळे लालभडक, हात मांडीवर, पाठ भिंतीला न टेकलेली. सकाळी अकराला मी यायची तेव्हा तिथे, पाचला निघायची तेव्हाही तिथेच.

बरोबर चारला बाई पदर नीट करून वर जात. किल्ली घेत नसत. दाराशी थांबत, आणि वरून हसणं ऐकू येई. कुणा बाईमाणसाचं हसणं, भरदार. तीनदा तुटक, आणि मग सांडलेलं गोळा करावं तसा ओढून घेतलेला श्वास. रेडिओ असेल, असं मी ठरवलं. पाच मिनिटांनी बाई कोरड्या चेहऱ्याने खाली येत.

चौथ्या दिवशी मी दुसऱ्या खंडातल्या जकातदारणीचं कार्ड करत होते. फाटकावर बसून वाटसरूंना हसत लुबाडणारी बाई. तिचं हसणं लेखकाने पानभर लिहिलंय. तीनदा तुटक, मग ओढलेला श्वास.

"ही कुणावरून?" मी विचारलं.

"माझ्यावरून."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ओठांच्या कडेला हसण्याची एक सुरकुती नव्हती.

"हसायची मी," बाई म्हणाल्या. "ते यांनी घेतलं."

लेखकांच्या बायका असंच बोलतात. यांनी माझं तरुणपण घेतलं, माझी झोप घेतली. मी कार्डावर लिहिलं: आधार, पत्नीचं तोंडी निवेदन.

३

कोशाच्या कामात आवृत्त्या ताडून बघाव्या लागतात. पहिलीत काय होतं, दुसरीत काय बदललं. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच मला आवडतं. तिसऱ्या खंडाच्या पहिल्या आवृत्तीत एक पहारेकरी सापडला. खांबाला पाठ लागली की घोरू लागणारा, राज्य लुटलं गेलं तरी न उठणारा. अकरा पानं होती त्याची, आणि मजेदार होती. दुसऱ्या आवृत्तीत तो नाही. नुसता खांब आहे.

"का कापला?" मी बाईंना विचारलं.

"भाऊजींनी हट्ट धरला. म्हणाले, माझं मला परत द्या. भांडले, रडले. मग यांनी कापून टाकला."

"मग मिळालं का परत?" मी थट्टेने म्हटलं.

बाईंनी जिन्याकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

पाणी प्यायला उठले तेव्हा मी धाकट्यांपाशी थांबले. मला म्हाताऱ्या माणसांची विचारपूस जमत नाही, सरळ विचारलं, "झोप येत नाही का तुम्हाला?"

"दुसरी आवृत्ती कधीची?" त्यांनी उलट विचारलं.

मी साल सांगितलं. एकोणीस वर्षं.

"पहिलीत होती तोवर वरून ऐकू तरी यायची," ते म्हणाले. "माझंच घोरणं. दाराशी जाऊन बसायचो. दुसऱ्याच्या ताटातलं बघावं तसं, पण बरं वाटायचं. कापल्यावर तेही गेलं. आता इथेही नाही आणि तिथेही नाही."

म्हातारा खुळावलाय, असं मी मनात म्हटलं आणि पाणी पिऊन जागेवर आले. निद्रानाश कितीतरी लोकांना असतो. एकोणीस वर्षं कुणी जागं राहत नाही, डुलक्या लागतातच, माणसाला कळत नाहीत. हे सगळं मी स्वतःला समजावलं, आणि पहारेकऱ्याच्या कार्डावर 'वगळला' असं लिहिलं.

४

आठव्या खंडाचं हस्तलिखित बाईंनी शेवटी दिलं. प्रकाशकांनी तोवर फोन करकरून माझं डोकं पिकवलं होतं. सोमवारी कार्डं गेली नाहीत तर छपाई पुढे जाणार होती.

दोनशे चौदाव्या पानावर पुलावरची मुलगी येते. हरवलेल्या राजाला अंधारात फक्त तीच ओळखते, आणि सगळा शेवट तिच्या त्या ओळखण्यावर उभा आहे. पण ती ओळखते कशी, ते लिहिलेलं नव्हतं. "मुलीचं असं होतं की" एवढं लिहून सात ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. खाली कथा पुढे चालू.

"यांची पद्धतच ती," बाई म्हणाल्या. "माणूस सापडेपर्यंत जागा मोकळी ठेवायचे. हिला माणूस सापडायच्या आत गेले."

"मग मी कार्डावर काय लिहू? इतकी महत्त्वाची मुलगी, आणि नोंद कोरी?"

"भरा की तुम्ही." त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "तुमच्याकडे नाही का कुणी?"

मी नियम मोडला. घाई होती, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, मला मोहही झाला. बावीस वर्षं दुसऱ्यांची माणसं मोजली, आपलं एखादं छापील पानावर यावं असं कुठल्या आईला वाटणार नाही? मी लिहिलं: 'पुलावरची मुलगी. वय नऊ. शंभर पावलांतून ती आपल्या माणसाचं पाऊल ओळखते आणि दारावर थाप पडायच्या आधी दार उघडते.' तळाशी लिहिलं: आधार, खंड आठ, हस्तलिखित, पान २१४. आयुष्यातला पहिला खोटा आधार. कुणाला कळणार होतं?

बाईंनी कार्ड उचललं, लांब धरून वाचलं आणि ठेवून दिलं.

"चांगलं वय आहे," त्या म्हणाल्या.

५

त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी नेहमीसारखी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कडीचा आवाज आला नाही. दारापर्यंत गेले. दार बंद. झोपली असेल, टीव्ही लावला असेल. बेल दाबली. आमच्या बेलचा आवाज इतका कर्कश आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण हवंय?" खारूने विचारलं.

"महाराणी आल्यात. उघड आता."

"बाबा अंघोळीला गेलेत. तुम्ही थांबता का?"

'तुम्ही' म्हणाली. जन्मापासून जिने मला 'तू' आणि 'ए आई' सोडून काही म्हटलं नाही, ती. नवं नाटक आहे असं समजून मीही खेळले. "हो बाई, थांबते." तिने साखळी काढली, मला खुर्ची दिली, दोन्ही हातांनी पेला धरून पाणी आणलं. पाहुण्यांशी कसं वागायचं ते मीच शिकवलं होतं, आणि पोरगी एकही गोष्ट विसरली नव्हती.

"आई येईलच आता," ती म्हणाली. "तिला आज उशीर झालाय."

मग दाराजवळ स्टूल ओढून, कान जिन्याकडे लावून बसली.

नवरा बाहेर आला तेव्हा आधी हसला. जेवताना रागावला. नऊ वाजता ती "आई का नाही आली" म्हणून रडायला लागली, तेव्हा त्याने डॉक्टरांना फोन लावला. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती बाबांच्या मागे लपली. माझ्याच घरात मी हात पसरून उभी, आणि ती त्याच्या पाठीमागून सांगत होती, "यांना जायला सांगा ना."

डॉक्टरांनी कान बघितले, डोळे बघितले, डोक्याचे फोटो काढले. सगळं ठीक. बाबा ओळखू येतात, शाळेतल्या बाई, मैत्रिणी, खालचा वाणीसुद्धा. आईचा फोटो दाखवला की म्हणते, "ही आई." फोटोशेजारी मी तोंड नेऊन धरलं. तिने शहाण्यासारखं दोन्हीकडे बघितलं.

"तुम्ही जरा तिच्यासारख्या दिसता," म्हणाली, मला वाईट वाटू नये म्हणून.

"मुलं लक्ष वेधून घेतात," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "तुम्ही कामात फार असता का?"

६

चार दिवसांनी मी त्या घरी गेले ती कार्ड रद्द करायला. आमच्यात रद्द केलेलं कार्ड फाडत नाहीत, त्यावर आडवी लाल रेघ मारतात. लाल पेन पर्समधून काढूनच आत शिरले.

आधी हस्तलिखित उघडलं. पान दोनशे चौदा. सात ओळी भरलेल्या होत्या.

लेखकाचं अक्षर मला माझ्या अक्षराइतकं ओळखीचं झालं होतं. ळ ची लांब शेपूट, रेफाचा बाक, निळी-काळी शाई, कडेला वाळून तपकिरी पडलेली. पावलांचं होतं, दाराचं होतं. आणि सातव्या ओळीत होतं की एकदा एक माणूस तिच्या आईच्या चपला घालून पूल चढून आला, आणि तिने दार उघडलं नाही.

चपलांचं मी कार्डावर लिहिलं नव्हतं.

मी खुर्चीत बसून विचार केला, आणि मी विचार करण्यात कच्ची नाही. बाईंना चपलांचं मीच सांगितलं होतं. चाळीस वर्षं नवऱ्याचं अक्षर बघणाऱ्या बाईला ते गिरवता येत नसेल कशावरून? किंवा या ओळी आधीच होत्या, मी दमलेल्या डोळ्यांनी पान उलटलं. सगळ्याला उत्तर होतं. फक्त खारू मला 'तुम्ही' म्हणत होती, त्याला उत्तर नव्हतं.

"मी हे खोडतेय," बाई आत आल्या तेव्हा मी म्हटलं.

"खोडा ना. रेघ सरळ यायला पट्टी देऊ?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पण आधी भाऊजींकडे एकदा बघून या. मग खोडा."

"तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवशी मला लेकीचं विचारलंत तेव्हाच."

"दोन वर्षं मी वर एकटी जातेय," बाई म्हणाल्या. "घर खायला उठतं. म्हटलं, कुणी सोबत असली तर बरं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "चार वाजायला आलेत. येता?"

तो चेहरा मी ओरबाडायला हवा होता. पण वर काय आहे ते मला बघायचं होतं, आणि हे बाईंना माझ्याआधी कळलं होतं.

७

तिसऱ्या पायरीवर धाकट्यांनी पाय आत घेतले, मला वाट दिली.

"कापून टाका," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "परत नाही मिळत. माझी झोप गेली ती गेलीच. पण कापल्यापासून तिची वाट बघणं सुटलं. तुमची पोर वाट बघत असेल ना?"

"हो."

"मग तिच्यासाठी कापा. कापलंत की बसायची थांबेल ती दाराशी. तुमचं काय, तुम्ही मोठ्या आहात."

मी पुढे चढले. बाई मागे, खालीच थांबल्या होत्या. जिना अरुंद, लाकडी, मधे एक वळण. त्या वळणावर मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सवयीने. पिशवीत नुसतं लाल पेन आणि पाण्याची बाटली होती.

वर कडी निघाली.

माझे पाय तिथेच थांबले. जिना उतरून पळायचं, हे डोक्याला कळत होतं. पण ज्या बाईसाठी चार दिवस घरात कडी निघाली नव्हती, तिला तो आवाज पाण्यासारखा होता. मी उरलेल्या पायऱ्या चढले. एकही चुकीची पडू नये म्हणून जपून, माझ्याच चालीने.

दार चार बोटं उघडं होतं. आत खिडकी असावी, कारण उजेड होता. त्या उजेडात, माझ्या कमरेच्या उंचीवर, दाराच्या कडेला तीन बोटं होती. लहान. नखं कुरतडलेली. शाई लागावी तशी टोकं निळी.

बोटांच्या वर मी बघितलं नाही.

"ए आई," आतून आवाज आला. "केवढा उशीर केलास."

८

प्रुफं आली तेव्हा प्रकाशकांचा फोन आला, मी बाईंच्या खालच्या खोलीत असताना. "बाकी सगळं उत्तम. ती पुलावरची मुलगी तेवढी विचारायची होती. आमच्या संपादकांना शंका आहे, हस्तलिखितात खरंच आहे का ते. म्हणाल तर काढू, म्हणाल तर ठेवू. अहो, मला विचाराल तर सगळ्या पुस्तकात तेवढं एकच जिवंत आहे."

मी जिन्याकडे बघितलं. धाकटे तिसऱ्या पायरीवरून माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच सरळ.

"आधार दिलाय ना मी खाली," मी म्हटलं. "ठेवा."

धाकट्यांनी मान वळवली. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

'सोबती' छापून झाला. दुसरी आवृत्तीही निघतेय, आणि मी लिहून कळवलंय की एका अक्षराचाही बदल नको. काम संपलं तरी मी रोज तिकडे जाते. चारला बाई आणि मी वर उभ्या राहतो. आधी त्यांचं हसणं, मग माझं दार. कुणी कुणाच्या वेळात बोलत नाही. उघडलेल्या फटीच्या वर मी अजून बघितलेलं नाही. आवाज तिचा आहे, 'तू' म्हणते, आणि मला तेवढं पुरतं, हे मी कबूल करते.

घरी मला किल्ली करून दिलीय, म्हणजे बेल वाजवायला नको. खारूला माझी सवय झालीय. माझ्या हातचं जेवते, गणितं दाखवते, आभार मानते. नवरा झोपायला दुसऱ्या खोलीत जातो. आणि रोज सहाला ती स्टूल ओढून दाराशी बसते, कान जिन्याकडे लावून. मी तिच्या मागे खुर्चीत बसते.

काल तिने मान न वळवता विचारलं, "तुम्ही रोज दुपारी कुठे जाता?"

"माझ्या मुलीकडे."

"तुम्ही आलात की ती दार उघडते?"

"थाप मारायच्या आधी."

खारू खूश झाली. स्टूल दाराच्या आणखी जवळ सरकवून नीट बसली.

"मी पण," ती म्हणाली. "माझी आई येऊ दे. मग बघाच तुम्ही."